पळस

पळस : (सं. पलाश, किंशुक, हिं. ढाक, टेसू, गों. मुर्र, लॅ. ब्यूटिया मोनोस्पर्मा, कुल शिंबावंत). भारतातील शुष्क पानझडी वनांतील, वसंतात फुलणारा वृक्ष. गोंदिया जिल्ह्यात (१९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग) धानाच्या बांध्यांचे धुरे, मालगुजारी तलावांचा आसमंत आणि महसूल दप्तरी ‘झुडपी जंगल’ म्हणून दाखल असलेली पडीत जमीन येथे तो विपुल आढळतो. गोंदिया तालुक्यातील मौजे मुर्री या ग्रामनामाचे त्याच्या गोंडी नावाशी साम्य दिसते. तथापि तेवढ्यावरून व्युत्पत्ती निश्चित मानता येत नाही.

फुले : फेब्रुवारी ते एप्रिल, बहुधा निष्पर्ण फांद्यांवर; निर्गंध, केशरी, शुकचंचूसारखी. परागण मुख्यतः पक्ष्यांकडून.

भूमी व वाढ : भरपूर ऊन लाभल्यास मुरमाड, काळ्या, खारवट, किंबहुना पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या जमिनीतही हा वृक्ष तग धरतो, तोडला असता मुळांपासून धुमारे फुटतात, आणि गुरे त्याचा पाला सहसा खात नसल्याने, जेथे अतिचराईने इतर झाडोरा नष्ट झाला तेथे पळसच तेवढा शिल्लक उरतो. सबब पळसाचे दाट रान हे उत्तम वनाचे लक्षण समजू नये.

लाख : आर्थिक दृष्ट्या या वृक्षाचे खरे महत्त्व फुलांत नसून लाखेत आहे. रंगीनी जातीच्या लाखकिड्याचे पळस व बोर हे प्रमुख पोशिंदे होत. कुसुमी जात कुसुम वृक्षावर पोसली जाते. बीजलाखेच्या काड्या कोवळ्या फांद्यांना बांधल्या असता त्यांतून निघणारी सूक्ष्म पिले फांदीवर पसरून रस शोषू लागतात, आणि त्यांच्या, विशेषतः मादीच्या, अंगातून पाझरणाऱ्या राळेचे जे कवच फांदीभोवती साचते तीच कच्ची लाख होय. ती खरवडून, धुऊन दाणेदार करतात व वितळवून चपडा बनवितात. रंगीनीची पिके दोन : ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीज लावून जून-जुलैत काढावयाची बैसाखी आणि जुलैपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंतची कातकी. कडक उन्हाळ्यात बैसाखीचे किडे मरत असल्याने सावलीतील झाडे राखून ठेवणे श्रेयस्कर.

इतर उपयोग : पानांच्या पत्रावळी व द्रोण, सालीचा लाल डिंक स्तंभक, बी (पळसपापडी) कृमिनाशक. फुलांच्या काढ्याचा पिवळा रंग होळीस वापरतात. तुरटीने तो खुलतो, परंतु पक्का होत नाही.