पास किती झाले?

आमच्या घाटंजीत फुटबॉलचे वेड तसे बेताचेच. पण २०१८ च्या विश्वचषकाच्या वेळी नातू इथे होता आणि त्याच्या नादाने मीही टीव्हीसमोर बसू लागलो. १ जुलैला संध्याकाळी स्पेन विरुद्ध रशिया. स्पेनने त्या सामन्यात हजारावर पास दिले. चेंडू बहुतेक वेळ त्यांच्याच पायाशी. तरी १२० मिनिटांत त्यांच्या खात्यात गोल एकच, आणि तोही रशियाच्याच बचावपटूला लागून आत गेलेला. १-१ अशी बरोबरी झाली आणि शेवटी पेनल्टींवर रशिया ४-३ ने जिंकला. नातू चिडून म्हणाला, "आबा, हजार पास देऊन हरतात म्हणजे काय!"

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळे आकडा दिसला की तो आधी कोणी मोजला, कशासाठी मोजला, हे शोधायची खोड आहे. शोधता शोधता चार्ल्स रीप या गृहस्थांपाशी पोचलो. इंग्लंडच्या हवाई दलातले विंग कमांडर, पेशाने हिशेबनीस. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन गावी सामना पाहताना त्यांच्या संघाचा संथ खेळ त्यांना सहन होईना. दुसऱ्या डावात त्यांनी खिशातून वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चढाईची नोंद सुरू केली. ती पुढे अनेक दशके चालली. अंधारात लिहिता यावे म्हणून ते खाणकामगाराचे दिवा लावलेले हेल्मेट घालून बसत असे सांगतात. चिकाटी म्हणावी ती अशी!

१९६८ साली बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञासह त्यांनी आपल्या नोंदी एका नामवंत शोधपत्रिकेत मांडल्या. रीप यांचे म्हणणे थोडक्यात असे : सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांतून होतात. मग जास्त पास देत बसायचे कशाला? चेंडू लांब मारा आणि धावा. या विचाराचा इंग्लंडच्या फुटबॉलवर बराच काळ प्रभाव राहिला.

आकडा खोटा नव्हता. पण त्याच नोंदींत दुसराही एक आकडा होता. मुळात सुमारे ९१ टक्के चढायाच तीन किंवा त्याहून कमी पासांत संपत होत्या. आता फळ्यावर मांडू. समजा हजार चढायांत दहा गोल झाले. त्यातल्या ९१० चढाया छोट्या, त्यांतून गोल ८. म्हणजे साधारण ११४ चढायांमागे एक. उरलेल्या ९० लांबलचक चढायांतून गोल २, म्हणजे ४५ मागे एक. निष्कर्ष पार उलटा झाला! "किती गोल झाले" एवढेच पाहिले, "कितीपैकी झाले" हे विचारायचे राहून गेले.

पण म्हणून "जास्त पास म्हणजे चांगला संघ" असेही नाही, हे नातवाला आपल्याकडच्याच उदाहरणावरून सांगितले. सर्जिओ लोबेरा यांचा एफसी गोवा संघ पासांच्या खेळासाठी नावाजलेला. २०१८-१९ च्या इंडियन सुपर लीगमध्ये त्यांच्या कोरोमिनासने सर्वाधिक, १६ गोल केले. १७ मार्च २०१९ ला मुंबईत अंतिम सामना झाला. जादा वेळेत गोव्याच्या मधल्या फळीचा आधार असलेला अहमद जाहू दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर गेला. ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू मुंबईच्याच राहुल भेकेने डोक्याने जाळ्यात घातला. बंगळुरू १, गोवा ०.

झाले, पासांचा खेळ बाद! असे म्हणावे, तर तेच लोबेरा आणि तोच जाहू पुढे मुंबई सिटीकडे आले आणि २०२०-२१ मध्ये साखळीची ढाल व अंतिम चषक दोन्ही जिंकले. १३ मार्च २०२१ च्या त्या अंतिम सामन्यात जाहूने मागून लांब चेंडू टाकला, तो अडवायला गेलेल्या मोहन बागानच्या तिरीने आपल्याच जाळ्यात घातला. स्वयंगोल असल्याने तक्त्यात जाहूच्या नावावर गोलसाहाय्य नाही. तक्ता म्हणतो, आणखी एक पास. मैदानावर मात्र त्याने बरोबरी झाली होती.

नातवाला हे सांगताना मला आमच्याकडचे दुसरे "पास" आठवले. एके वर्षी आमच्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. फळ्यावर रंगीत खडूने तो मीच लिहिला, पेढे खाल्ले. बसलेले सगळे पास! पण बसले किती? नववीत कच्ची ठरलेली चार मुले शाळेतून कमी करून सतरा नंबरच्या फॉर्मने बाहेरून बसवली होती. त्यांचा निकाल आमच्या टक्केवारीत येत नव्हता. त्या यादीवर वर्गशिक्षक म्हणून माझी सही होती. त्यातला एक मुलगा कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गात दिसायचा नाही. तो का येत नाही, हे मी त्याच्या घरी जाऊन विचारले नव्हते. हजेरीपटावरची गैरहजेरी मात्र चोख मोजली होती. तो नापास झाला, पुन्हा बसला नाही. अजून बाजारात भेटतो, "नमस्कार सर" म्हणतो. त्याने मला कधी काही विचारले नाही आणि मीही विषय काढलेला नाही.

असो. रीपसाहेबांना हसण्याचा अधिकार निदान मला तरी नाही. त्यांचा निष्कर्ष चुकला, पण फसलेल्या चढायाही त्यांनी वहीत प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या होत्या, म्हणून पुढच्यांना ती चूक सापडली. आम्ही तर चार नावे वहीतूनच काढून टाकली होती.