भीमेला वेसण

निसर्गापुढे हात जोडणारा मनुष्य निसर्गाला वेसण घालू लागला, ही कथा आम्हां माढेकरांना पोथीत शोधावी लागत नाही. 1876-78 च्या दुष्काळात आमच्या वाडवडिलांनी गुरे सोडली, गावे सोडली. त्याच काळात, 1877 साली, सोलापुरात कापडाची पहिली गिरणी वाफेवर फिरू लागली. पण तहानेपुढे वाफेचे काय चालणार? 1972 सालीही आमच्या बायाबापड्यांनी खडीच फोडली!

मग 1980 साली उजनीचे धरण पुरे झाले. मजुरांच्या हातांनी 117 टीएमसी पाणी अडवले. (उद्‌घाटनाच्या कोनशिलेवर मजुराचे नाव कधी कोरतात काय?) ज्वारीच्या रानांत ऊस डोलू लागला. भीमाकाठची गावे मात्र बुडाली, पळसदेवचे पुरातन देऊळही बुडाले.

2024 च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरला आणि ते देऊळ उघडे पडले. उणे म्हणजे काय? तळाचे सुमारे 63 टीएमसी पाणी मृतसाठ्याचे. अडीअडचणीसाठी राखलेली ती पुंजी. तीच आम्ही उपशाला लावली. शहराची तहान, कारखाने आणि ऊस, तिघांचे डोळे तिच्यावर आहेत. कुणाला किती, हा निवाडा पुण्याकडच्या पावसावर सोपवून आम्ही नव्या लागणीची बेणी तोडत आहोत.