राज्यांची स्वायत्तता आणि परकीय गुंतवणुकीची स्पर्धा (भारत)

परकीय गुंतवणूक आपल्याकडे खेचण्यासाठी भारतातील राज्यांत जी चढाओढ चालते, तिचे मूळ अधिकारांच्या घटनात्मक विभागणीत आहे. कोणत्या क्षेत्रात किती टक्के परकीय भांडवल येऊ द्यायचे हे केंद्र ठरवते. परकीय चलन, सीमाशुल्क आणि आयकरही त्याच्याच हाती असतो. जमीन, पाणी आणि पोलीस व्यवस्था मात्र राज्यांकडे, तर वीज आणि कामगार हे विषय दोघांच्या सामाईक सूचीत आहेत. त्यामुळे केंद्राची परवानगी मिळाली तरी कारखान्याचे रोजचे चालणे राज्य सरकारवर अवलंबून राहते.

जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांचे परवाना बंधन काढले आणि मुख्यमंत्री कंपन्यांशी थेट बोलणी करू लागले. महाराष्ट्राकडे १९६२ पासून औद्योगिक विकास महामंडळ आणि १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना होती. तरीही नव्वदच्या दशकात फोर्ड आणि ह्युंदाई यांचे कारखाने तामिळनाडूत, चेन्नईजवळ उभे राहिले. बंदराजवळची जागा आणि भोवती वाढलेले सुट्या भागांचे पुरवठादार यांचे मोल करसवलतीपेक्षा टिकाऊ ठरले.

स्पर्धेचे मुख्य साधन विक्रीकरातील सूट हे होते. एका राज्याने दिलेली सूट दुसरे वाढवून देई आणि घट सर्वांच्याच तिजोरीत येई. नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने किमान करदर ठरवून १ जानेवारी २००० पासून विक्रीकरावर आधारित सवलती थांबवण्याचा निर्णय घेतला. पण सवलती दुसऱ्या वाटांनी चालू राहिल्या. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यावर एकट्या राज्याला दर कमी करता येईनासे झाले, तेव्हा करातील राज्याचा वाटा अनुदान म्हणून परत देण्याची पद्धत रूढ झाली. अशा परताव्याचा प्रकल्पनिहाय हिशेब विधिमंडळापुढे आला तरच एका रोजगारामागे किती सार्वजनिक पैसा गेला हे कळू शकते. केंद्राचे अनुदान या चढाओढीचे गणितच बदलते: २०२३ मध्ये गुजरातेतील साणंद येथे जाहीर झालेल्या मायक्रॉन या चिप कंपनीच्या प्रकल्पात खर्चाचा ५० टक्के वाटा केंद्राने आणि २० टक्के राज्याने उचलायचे ठरले.

सत्तांतर हा स्वायत्ततेतील वेगळा धोका. महाराष्ट्रातील दाभोळ वीज प्रकल्पाचा १९९३ चा करार १९९५ मध्ये नव्याने सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारने रद्द केला आणि पुन्हा वाटाघाटी करून स्वीकारला. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. सत्तांतराइतकाच, किंबहुना अधिक, दोष डॉलरशी बांधलेल्या आणि वीज मंडळाला न पेलणाऱ्या दराचा होता.

स्वशासन राज्याच्या राजधानीपाशी थांबत नाही. ओडिशातील नियमगिरी डोंगरात वेदांत कंपनीच्या शुद्धीकरण कारखान्यासाठी बॉक्साइट काढण्याचा प्रस्ताव होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ मध्ये १२ ग्रामसभांनी तो एकमुखाने फेटाळला. ज्यांची जमीन आणि डोंगर जाणार त्यांचे म्हणणे कराराआधी ऐकले गेले असते, तर हा संघर्ष इतका लांबला नसता.

परकीय गुंतवणुकीचे राज्यनिहाय आकडे जपून वाचावे लागतात. ऑक्टोबर २०१९ पूर्वी ते रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयांनुसार नोंदले जात आणि मुंबईच्या आकड्यात दादरा-नगर हवेली व दमण-दीवही मोजले जाई. मुख्यालय एका राज्यात आणि कारखाना दुसऱ्या राज्यात असेल, तर पैसा मुख्यालयाच्या राज्यात दिसू शकतो.