बॅटरीचा जन्म

विजेरीची कळ दाबतांच उजेड पडतो. पण त्यामागें एका जुन्या वादाचा इतिहास आहे, हें आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. इटलींतील बोलोन्या येथील शरीरशास्त्रज्ञ गॅल्व्हानी यास असें आढळलें, कीं दोन धातूंचा स्पर्श होतांच मेलेल्या बेडकाची तंगडी आखडते. वीज प्राण्याच्या देहांतच वसते, असा सिद्धान्त त्यानें १७९१ सालीं प्रसिद्ध केला.

पाव्हियाचा प्राध्यापक व्होल्टा यास तें पटेना. त्याच्या मतें वीज दोन धातूंच्या भेदांतून उपजत होती. बेडूक केवळ तिचा साक्षी. म्हणून त्यानें बेडकासच रजा दिली. रुप्याच्या व जस्ताच्या चकत्या, मध्यें खाऱ्या पाण्यांत भिजविलेले पुठ्ठे घालून, त्यानें एकीवर एक रचल्या, तों त्या उतरंडींतून विजेचा प्रवाह वाहूं लागला. २० मार्च १८०० च्या पत्रानें त्यानें ही वार्ता लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविली. गॅल्व्हानी १७९८ सालींच निवर्तला होता.

मग व्होल्टा जिंकला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. नुसत्या स्पर्शानें वीज उपजते, ही त्याची समजूतही पुढें टिकली नाहीं. जस्त विरघळतांना इलेक्ट्रॉन मागें ठेवतें. ते तारेवाटें दुसऱ्या धातूकडे जातात, तोच प्रवाह होय. म्हणूनच जस्त झिजलें, कीं बॅटरी संपते. उलट, प्राण्यांच्या मज्जातंतूंत वीज खरोखरच असते, हें आज सर्वमान्य आहे. दोघांच्याही हातीं अर्धेंच सत्य होतें. परंतु त्यांनीं प्रतिपक्षाचें मत प्रयोगानें खोडूं पाहिलें, म्हणून त्या वादांतून जगास बॅटरी लाभली.