भगवा आणि केशरी

आपण केशरी भात म्हणतो. भगवा भात कुणी म्हणत नाही. संन्याशाची वस्त्रे भगवी असतात, त्यांना केशरी म्हटले तर ऐकणारा क्षणभर थांबतो. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात शिधापत्रिकांचे तीन रंग झाले : पिवळा, केशरी आणि पांढरा. तेव्हा राज्यात भगव्या झेंड्याचेच सरकार होते, पण रेशनच्या कार्डाला भगवे कार्ड म्हणावे असे कुणाला सुचले नाही. सोलापूर-नाशिककडे डाळिंबाचा जो प्रसिद्ध वाण आहे त्याचे नाव ‘भगवा’, कारण त्याची साल तांबूस झळाळीची. जुनागढकडच्या आंब्याचे नाव मात्र ‘केसर’, कारण त्याचा गर तसा. जुनागढचे नवाब महाबत खान यांनी १९३४ मध्ये तो गर पाहून हे नाव दिले, असे सांगतात.

हे दोन रंग शेजारी शेजारी राहणारे आहेत. कापडाच्या दुकानात दोन ताग्यांपैकी भगवा कुठला आणि केशरी कुठला, यावर दोन गिऱ्हाइके वाद घालतील. पण शब्द वापरताना मराठी माणूस सहसा चुकत नाही. कारण या शब्दांमधला फरक रंगाच्या छटेपेक्षा त्या रंगाच्या जन्माचा आहे. एक रंग मातीतून आला, दुसरा फुलातून.

आधी मातीचे पाहू. भगवा म्हणजे गेरूत किंवा कावेत बुडवलेल्या कापडाचा रंग. गेरू आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. कुंड्यांना लावतात, तुळशीवृंदावनाला लावतात, घराच्या भिंतीला खालून त्याचा पट्टा ओढतात. संस्कृतात तो गैरिक. लोखंडाच्या गंजामुळे तांबडी झालेली ही माती, जवळजवळ फुकटची. गोसाव्याने ती पाण्यात कालवावी, धडुते त्यात पिळून काढावे, झाडावर वाळत घालावे, की झाले. धुता धुता रंग उतरतो, मग पुन्हा बुडवायचे. वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका याच रंगाची. ‘भगवी वस्त्रे घेतली’ एवढे म्हटले की संसार सोडला, हे मराठीत वेगळे सांगावे लागत नाही.

याहून जुना शब्द काषाय. कषाय म्हणजे तुरट, आणि कषाय म्हणजे काढाही. झाडाच्या तुरट साली उकळून जो तांबूस-तपकिरी रंग निघतो त्यात रंगवलेले ते काषाय. बौद्ध भिक्षूंच्या चीवराला पालीत हाच शब्द आहे. विनयपिटकात भिक्षूंना सहा प्रकारच्या रंगांची मुभा दिलेली आहे : मुळांचा, खोडाचा, सालीचा, पानांचा, फुलांचा आणि फळांचा. म्हणजे रानात जे सहज मिळेल ते. टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून शिवलेले वस्त्र एका रंगात बुडवले, की त्या चिंध्यांचे मूळ रंग दिसेनासे होतात. कुणाचे कापड रेशमी होते, कुणाचे जाडेभरडे, कुणी टाकले होते, हे सगळे पुसले जाते. उत्तर प्रदेशातल्या देवा शरीफला हाजी वारिस अली शाह होऊन गेले, त्यांचे निधन १९०५ चे. त्यांच्या पंथातले फकीर पिवळे, न शिवलेले वस्त्र पांघरतात. रंग थोडा वेगळा, हेतू तोच. आपल्याजवळ काही ठेवायचे नाही, हे अंगावरच्या कापडाने सांगायचे.

मराठ्यांनी या रंगाला आणखी एक अर्थ दिला. त्यांचे निशाण भगवे, आणि जरीपटका वेगळा. वैराग्याचा रंग रणांगणावर गेला. म्हणून मराठी कानाला भगवा म्हटले की विरक्ती आणि पराक्रम दोन्ही एकदम ऐकू येतात. हा अर्थ आपल्या इतिहासाने घडवला आहे आणि तो खरा आहे. पण त्याच्या मुळाशी गेरूच आहे, हे विसरू नये.

आता फुलाकडे वळू. केशराची जांभळी फुले काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. अबुल फजलने ‘आइन-इ-अकबरी’त या केशराची दखल घेतली आहे. प्रत्येक फुलात तांबडे तंतू फक्त तीन. किलोभर केशरासाठी दीड लाखाच्या आसपास फुले खुडावी लागतात. केसर म्हणजे मुळात तंतू. सिंहाच्या आयाळीलाही केसर म्हणतात, म्हणून सिंह केसरी. ४ जानेवारी १८८१ ला पुण्यात सुरू झालेल्या ‘केसरी’चे नाव त्या सिंहावरून आहे, या रंगावरून नाही. गंमत अशी की संस्कृतात केशराला कुंकुम म्हणत. आज आपण कुंकू म्हणतो ते हळदीचे. महागडी वस्तू गेली, तिचे नाव स्वस्त वस्तूला मिळाले.

आमच्या घरांत केशराला जाफरान म्हणतात. लग्नाच्या जेवणात गोड भात होतो त्याला जर्दा म्हणतात. जर्द म्हणजे पिवळा. तावीज लिहिणारे जाफरान पाण्यात खलून त्याची शाई करतात. ती शाई ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे, की केशर पाण्यात पडले की सोनेरी पिवळे होते. आपण ज्याला केशरी म्हणतो तो नारिंगी रंग कोरड्या काडीच्या रंगाजवळचा आहे. ती भिजली की पिवळ्याकडे झुकते.

इतकी महाग वस्तू कापड रंगवायला कोण वापरणार? राजेरजवाडे. बाकीच्यांनी पळसाची फुले उकळली, करडईच्या पाकळ्या कुटल्या, पारिजातकाचे देठ वाळवले. पारिजातकाच्या देठात केशरासारखेच रंगद्रव्य असते, त्यामुळे गरिबाच्या अंगणातही थोडे केशर सांडत आले आहे म्हणायला हरकत नाही. पण रंग कशानेही दिलेला असो, नाव केशरीच राहिले, आणि नावाबरोबर अर्थही राहिला. तो अर्थ उत्सवाचा, मानाचा, आणि राजपुतान्यात मरणाला सामोरे जाण्याचाही. १५६८ मध्ये अकबराने चितोड घेतले तेव्हा किल्ल्यातले राजपूत शेवटच्या लढाईला उतरले. अशा लढाईसाठी केशरी बाणा चढवण्याची त्यांची रीत होती. संन्यासी भगवे घालतो ते सगळे सोडून दिल्यावर. राजपूत केशरी घालत असे तो आपल्या मानासाठी जीव द्यायला निघताना. दोन्हीकडे त्याग आहे, पण त्यागाची जात वेगळी आहे.

मग घोटाळा कुठे झाला? इंग्रजीत. अरबी जाफरान युरोपात फिरत फिरत इंग्रजीत ‘सॅफ्रन’ झाले. इंग्रजांनी इथले भिक्षू, गोसावी, बैरागी पाहिले आणि त्यांच्या वस्त्रांनाही तोच शब्द लावला. ज्यांनी जन्मात केशराची काडी विकत घेतली नाही त्यांच्या अंगावर सर्वांत महाग मसाल्याचे नाव चढले. तिथपर्यंत ठीक होते. पण हा एकच शब्द मग भाषांतरातून आपल्याकडे परत आला, आणि येताना भगवा कुठला, केशरी कुठला, हे सांगायचे विसरला.

याची झळ सर्वांत जास्त राष्ट्रध्वजाला बसते. १९२१ मध्ये पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना जो झेंडा दाखवला त्यात लाल आणि हिरवा असे दोन रंग होते. गांधीजींनी पांढरा आणि चरखा सुचवला. त्या वेळी लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतरांचा, असा अर्थ सांगितला गेला. लोकांना तो टोचू लागला. शिखांनीही विचारले, आमचा रंग कुठे? म्हणून १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. त्यात वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या होते. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर होते आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकरही होते. या समितीने काय सुचवले? सबंध झेंडा एकाच रंगाचा असावा, आणि तो रंग केशरी. मौलाना आझाद आणि मास्टर तारासिंग या दोघांच्या संमतीने ही शिफारस झाली, हे आज मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अखिल भारतीय काँग्रेस समितीने ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत एकरंगी झेंडा स्वीकारला नाही, पण केशरी ठेवला. लाल गेला, त्याच्या जागी केशरी आला. आणि ठरावातच नोंदवले, की या रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही. केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा शांतीचा आणि सत्याचा, हिरवा श्रद्धेचा आणि शौर्याचा.

पुढे २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला. ठराव इंग्रजीत होता. वरच्या पट्ट्यासाठी ‘गडद सॅफ्रन’ लिहिले आणि लगेच कंसात ‘केसरी’ हा आपला शब्द घातला. इंग्रजी शब्द पुरेसा नव्हता, असाच याचा अर्थ मी घेतो. त्याच चर्चेत डॉ. राधाकृष्णन बोलले, आणि त्यांनी त्याच पट्ट्याला भगवा म्हटले व त्याचा संबंध निरिच्छ वृत्तीशी जोडला. सत्तेवर बसणाऱ्यांना त्यांनी संन्याशाची आठवण करून दिली. एकाच सभागृहात, एकाच दिवशी, एकाच कापडाला दोन नावे मिळाली. राधाकृष्णन तत्त्वज्ञ होते, त्यांनी रंगात उपदेश पाहिला. ठरावाने मात्र फुलाचे नाव लिहून ठेवले.

नावात काय आहे, असे तुम्ही म्हणाल. शिखांना विचारा. जुलै २०२४ मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने गुरुद्वारांना परिपत्रक पाठवले. निशाण साहिबचे वस्त्र बसंती किंवा सुरमई असावे, केसरी नको. रहित मर्यादेत तसे लिहिलेले आहे. बसंती म्हणजे मोहरीच्या फुलाचा पिवळा. वर्षानुवर्षांच्या सवयीने तो सरकत सरकत केसरीकडे गेला होता. रंग दोनच बोटे सरकला होता, पण आपली ओळख त्याबरोबर सरकते आहे असे त्यांना वाटले, आणि त्यांनी तो जागेवर आणला.

आपल्याकडेही पंधरा ऑगस्टच्या भाषणात ‘तिरंग्यातला भगवा’ ऐकू येतो. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा काही नसते. पण भगव्याला गेल्या काही दशकांत पक्षाचा अर्थ चिकटला आहे. ‘भगवेकरण’ हा शब्द तयार झाला, ‘केशरीकरण’ झाला नाही. मग वर्गातले एखादे पोर ध्वजाकडे पाहून मनातल्या मनात वाटणी करते : हा पट्टा त्यांचा, तो खालचा आमचा. १९३१ च्या माणसांनी नेमकी हीच वाटणी मोडण्यासाठी रंग बदलला होता आणि ठरावात तसे लिहिले होते. एका शब्दाच्या ढिलाईने ती मागच्या दाराने घरात येते.

मी कवी आहे, मला दोन्ही शब्द हवे आहेत. भगव्यावर माझा राग नाही. भिक्षूचे चीवर, गोसाव्याची कफनी, पंढरीच्या वाटेवरची पताका यांचा तो रंग आहे, आणि ज्याने सगळे सोडले त्याचा रंग कुणा एकाच्या मालकीचा कसा होईल? पण ध्वजाचा रंग केशरी. राष्ट्रध्वजाचे कापड ज्या मानकाप्रमाणे तपासले जाते त्या भारतीय मानकातही या पट्ट्याचे नाव ‘केसरी’ असेच आहे. हुबळीला आणि आपल्या नांदेडला खादीचे ध्वज तयार होतात, ते त्याच नावाने. मुलांना ध्वजाचे रंग सांगताना आपणही तेवढा एक शब्द नीट उच्चारावा.