त्वरेनें लिहिलेलीं पुस्तकें

१९९९ सालीं अमेरिकेंतील कांहीं हौशी मंडळींनीं एका महिन्यांत कादंबरी लिहून पुरी करण्याची पैज लावली. पुढें पन्नास हजार शब्दांचें माप ठरलें आणि तिचें अनुकरण देशोदेशीं झालें. शब्द मोजून लिहिण्याच्या ह्या खेळाला हंसण्याचें कारण नाहीं. परंतु साहित्याच्या इतिहासांत जीं पुस्तकें झपाट्यानें लिहिलीं गेलीं व टिकलीं, त्यांतील कित्येकांच्या मागें पैज नव्हती, निकड होती.

डॉक्टर जॉन्सनचें 'रासेलस' घ्या. १७५९ च्या जानेवारींत त्याची वृद्ध माता वारली. तिच्या उत्तरक्रियेचा खर्च व किरकोळ देणें भागविण्यासाठीं त्यानें एकाच आठवड्यांत, सायंकाळीं बसून, ही कथा लिहिली, असें बॉस्वेल सांगतो. गंमत अशी, कीं आठवड्याचें हें काम मराठींत आणावयास दोन पिढ्या लागल्या : कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं आरंभिलेलें भाषांतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीं पुरें केलें.

आपल्याकडील सर्वपरिचित उदाहरणही मातेचेंच आहे. साने गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहावयास घेतली ती ९ फेब्रुवारी १९३३ रोजीं, आणि १३ तारखेस पहाटे लेखणी खालीं ठेविली. दिवसा तुरुंगांतील काम करावें, रात्रीं व पहाटे लिहावें, असा क्रम. ह्या पांच दिवसांचा हिशेब मात्र निराळा मांडावयास हवा. गुरुजींच्या मातोश्री १९१७ सालीं वारल्या. म्हणजे लेखणी चालण्यापूर्वीं पंधरा वर्षें ती कथा मनांत चालूच होती. हातही तयार होता. आदल्याच वर्षीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील अठरा प्रवचनें त्यांनीं भराभर उतरून घेतलीं होतीं. 'श्यामची आई' कादंबरी कीं आत्मकथा, हा वाद विद्वानांनीं खुशाल घालावा. उपदेशाची पुनरुक्ति तींत आहे, अश्रूही जरा अधिकच आहेत. सावकाश लिहिलें असतें तर ते कांहींसे पुसले गेले असते. पण त्यांबरोबर तिचा ओलावाही गेला असता, असें मला वाटतें.

तुरुंग सरकारीच असतो असें मात्र नाहीं. आमच्या बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत नोकरीस असलेले बापूजी हरि शिंदे हे सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांची कन्या ताराबाई मराठा घराण्याच्या रीतीप्रमाणें घराच्या चार भिंतींत वावरणारी. पण वडिलांनीं तिला शिकविलें होतें आणि घरीं वर्तमानपत्र येत होतें. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. अपिलांत ती काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्तानें 'पुणेवैभवा'नें समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलें. ताराबाईंचें उत्तर, 'स्त्री-पुरुष तुलना', १८८२ सालीं पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत छापून निघालें : प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. रेल्वे-टपालाच्या त्या काळांत वऱ्हाडांतून मजकूर पुण्यास जाणें, खिळे जुळणें, छपाई व बांधणी हें सर्व वजा केलें, म्हणजे लिहिण्यास अवधि किती उरला असेल ह्याची कल्पना यावी.

ती कादंबरी नव्हे, हें खरें. उलट, त्या काळच्या कादंबऱ्यांत व नाटकांत स्त्रिया जशा रंगविल्या जात, त्याचाच ताराबाईंनीं त्यांत खरपूस समाचार घेतला आहे. वाक्यें एकमेकांवर आदळतात. माजघरांतील बोली ग्रंथभाषेला बाजूस सारून पुढें येते. एक मुद्दा संपण्यापूर्वींच दुसरा दारांत उभा असतो. व्याकरण तपासणाऱ्या पंतोजीस येथें पुष्कळ काम मिळेल. परंतु हा आपला पहिलाच प्रयत्न आहे असें प्रस्तावनेंत सांगणाऱ्या लेखिकेच्या हातून असें गद्य उतरतें, तेव्हां तें एका वर्षाच्या रागाचें नसतें. सुरतेचा खटला हें निमित्त. सामग्री बुलढाण्याच्या घरांत वर्षानुवर्षें सांठत होती.

पुस्तकावर टीकेचा गहजब झाला. जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालीं 'सत्सारां'त ताराबाईंची बाजू घेतली. तेवढाच काय तो आधार. पुढें पुस्तक विस्मृतींत गेलें, तें स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत. ताराबाई १९१० च्या सुमारास वारल्या. 'तुलने'नंतरच्या ह्या सुमारें अठ्ठावीस वर्षांतील त्यांचें दुसरें एकही पुस्तक ज्ञात नाहीं.