मळी, मद्यार्क आणि मोटारीची टाकी

कुलदेवतेच्या दर्शनास स्वतःच्या मोटारीने जाणे ही आता आपल्या समाजात नित्याची गोष्ट झाली आहे. बेळगावकडची कुटुंबे घाट उतरून कवळ्यास, मंगेशीस, म्हार्दोळास येतात, ती बहुधा याच रीतीने. अशाच एका दर्शनानंतर अग्रशाळेच्या ओसरीवर आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी आम्हांस विचारले, “वकीलसाहेब, आमच्या गाडीच्या पेट्रोलात दारू मिसळतात म्हणे. ती आम्हांस न विचारता कशी मिसळली?” प्रश्नाच्या पूर्वार्धास मंडळी हसली. उत्तरार्ध मात्र आम्हांस हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेआधीच भडकले, म्हणजे आतून ठोके ऐकू येतात. गॅरेजवाले यास नॉकिंग म्हणतात. इंधन हे ठोके कितपत सोसते, याचे माप म्हणजे ऑक्टेन होय. मद्यार्काचे ऑक्टेन सुमारे 108 भरते, साध्या पेट्रोलाचे त्याहून बरेच कमी. म्हणून अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी 1920 च्या आगेमागे मद्यार्काचाही विचार केला होता. परंतु 1921 साली थॉमस मिजली यांस असे आढळले की, टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलात चिमूटभर घातले तरी ठोके थांबतात. ते स्वस्त होते, आणि त्यावर पेटंटही घेता येत होते. मद्यार्क कोणाही शेतकऱ्याच्या भट्टीत निघतो, त्यावर पेटंट कोण देणार? 1923 साली ओहायोतील डेटन गावी हे पेट्रोल विक्रीस आले. त्याचे नाव ठेवले ‘एथिल’. शिशाचा त्या नावात उच्चारही नव्हता.

ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात या विषाने पाच कामगार दगावले. विक्री काही काळ थांबली, चौकशी झाली, आणि 1926 मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. पुढील पाऊणशे वर्षे जगातील मुलांनी ते शिसे श्वासावाटे घेतले. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या प्रदूषणविषयक आदेशांच्या रेट्याने 1995 साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, आणि सर्वत्र ते लागू होण्यास फेब्रुवारी 2000 उजाडला. अल्जीरिया या शेवटच्या देशाने शिशाचा त्याग केला तो 2021 साली. ग्राहकास या सर्व काळात कोणी काही विचारले नव्हते. 

मद्यार्काची आपली कथा निराळी आहे. तिचा उगम साखरेत आहे. 1930 नंतर देशात साखर कारखाने वाढले, आणि मळीचे करावयाचे काय, असा प्रश्न पडला. मळी सांडली तर दुर्गंधी, साठवली तर खर्च. महायुद्धाच्या काळात पेट्रोलाची टंचाई आली, तेव्हा मळीपासून निघालेला मद्यार्क मोटारींच्या उपयोगी पडला. संयुक्त प्रांताने 1940 साली त्यासाठी कायदा केला, आणि स्वातंत्र्यानंतर 1948 साली मध्यवर्ती ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ झाला. गोमंतक त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली असल्याने हा कायदा सीमेपलीकडेच थांबला. बेळगाव मात्र मुंबई प्रांतात होते, आणि तेथे गंमत अशी झाली की, 1949 साली त्याच प्रांताने दारूबंदीचा कायदा केला. एक कायदा मद्यार्कास टाकीत बोलावीत होता, दुसरा त्यास घराबाहेर काढीत होता.

तेव्हा मद्यार्क म्हणजे दारू की नव्हे, हा आमच्या स्नेह्यांचा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. इंधनासाठीचा मद्यार्क जवळजवळ निर्जल केलेला असतो व पिण्यास अयोग्य व्हावा म्हणून त्यात इतर द्रव्ये घालतात. त्यामुळे देवदर्शनास निघालेल्या गाडीच्या शुचितेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कायद्यास मात्र ही शंका दीर्घकाळ छळीत राहिली. बलसारा खटल्यात 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘मद्य’ या शब्दाचा अर्थ विस्तृत केला. 1989 साली सात न्यायमूर्तींनी औद्योगिक मद्यार्क राज्यांच्या मद्यविषयक अधिकारातून वगळला. 23 ऑक्टोबर 2024 रोजी नऊ न्यायमूर्तींनी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो पुन्हा त्या अधिकारात आणला. एका शब्दाचा अर्थ लावण्यात 73 वर्षे गेली! आमच्या व्यवसायबंधूंनी त्याबद्दल कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही.

1948 चा तो कायदा अडगळ समजून संसदेने 2000 साली रद्द केला, आणि 2001 मध्ये मद्यार्कमिश्रित पेट्रोलाचे प्रयोग सुरू झाले. 2003 च्या आरंभी नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाची योजना आली. त्यांत गोवाही होता. पुढे बराच काळ गती मंद होती. 2018 च्या जैवइंधन धोरणाने वीस टक्क्यांसाठी 2030 ची मुदत घातली. ती नंतर अलीकडे ओढली गेली. दहा टक्के 2022 मध्ये झाले, वीस टक्के 2025 मध्ये. तोपर्यंत मळीच्या जोडीस तांदूळ आणि मका आले होते. विरोधाभास असा की, गोव्यातील धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्याचे गाळप त्याआधीच थांबले होते. टाकीत मद्यार्क वाढत होता, आणि येथील ऊस-उत्पादक आपला ऊस कोठे घालावा या विवंचनेत होता.

या धोरणास आमचा विरोध नाही. परकीय तेलाचे देणे कमी होते, उसास गिऱ्हाईक मिळते, आणि वीस टक्के मिश्रणाचे ऑक्टेन 91 वरून 95 वर जाते. परंतु लिटरमागे मद्यार्कात पेट्रोलाच्या सुमारे दोनतृतीयांशच उष्णता असते. दहा टक्क्यांसाठी जुळविलेल्या जुन्या चारचाकीचे मायलेज वीस टक्क्यांवर सहा-सात टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच नमूद आहे. मद्यार्क पाणीही शोषतो. कोकणच्या पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत व जुन्या रबरी नळ्यांत याचा परिणाम दिसू शकतो. वीस टक्क्यांस टिकणारे भाग नव्या गाड्यांत एप्रिल 2023 पासून आले. त्याआधीच्या गाडीच्या मालकाने पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहावे, आणि गाडी फार दिवस उभी ठेवू नये. अधिक ऑक्टेनचे महाग पेट्रोल घेऊन साध्या इंजिनाची शक्ती वाढते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. जे ठोके मुळी पडतच नाहीत, ते थांबविण्यासाठी पैसे मोजण्यात काय हशील?

निवड देता येतच नाही, असे नाही. ज्या ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी आपल्याकडे काजू आणला, आणि ज्या काजूने गोव्यास फेणी दिली, त्याच देशाने 1975 साली उसाच्या मद्यार्काची मोठी योजना आखली. तेथे दोन्ही इंधने पंपावर शेजारी शेजारी मिळतात. मद्यार्काचा भाव पेट्रोलाच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर मद्यार्क घ्यावा, हा हिशेब तेथील मोटारवाल्यांस तोंडपाठ असतो. 2003 पासून दोन्हींवर चालणाऱ्या गाड्याही आल्या.

आपल्याकडे मद्यार्कविरहित पेट्रोलही मिळावे व मिश्रणाचे प्रमाण पंपावर ठळक लिहावे, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. ऊस-उत्पादकांचे हित सरकारने पुढे केले होते. या मागणीच्या पहिल्या भागाविषयी मतभेद संभवतात. दोन प्रकारच्या टाक्या आणि दोन प्रकारची वाहतूक सांभाळणे खर्चाचे आहे. दुसऱ्या भागास लागतो तो एक रंगाचा डबा आणि एक कुंचला. आमच्या स्नेह्यांस त्या दिवशी आम्ही एवढेच सांगितले, आणि त्यांच्या गाडीची पुस्तिका घरी शोधून ठेवण्यास सुचविले. ती त्यांस देवघरातील पोथ्यांच्या खाली सापडली. तीत दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाची मुभा आहे.